मागच्या चक्रीचे सेहेचाळीस दात

वसंता, भांडण अर्धवट ठेवून असं निघून जायचं नसतं. एवढी साधी रीत तुला कळू नये याचं मला नवल वाटतं, आणि रागही येतो. तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या घरापुढे सगळं केनवड गाव जमलं होतं. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कुणी म्हणालं, वसंता फार शांत माणूस. कुणी म्हणालं, त्याने आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. शांत म्हणे! माझ्याशी तू एकाच गोष्टीवरून वर्षभर भांडलास, खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा भांडलास. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो आणि काहीच न बोलता खाली बसलो. लोकांना वाटलं याला हुंदका आला. आलाही होता. पण तिथे सांगणार काय, की आमचा सगळा वाद फटफटीच्या मागच्या चक्रीला दात किती असावेत यावरून होता?

तुला हे सगळं ठाऊकच आहे. तरी पहिल्यापासून सांगतो, कारण भांडण नीट मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही.

तू इंजिनवाला. कुणाच्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन बंद पडलं की तुला बोलावणं यायचं. मी माळी, वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रिसोडच्या बाजाराला नेणारा. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आपण दोघांनी मिळून अकोल्याहून ती जुनी फटफटी आणली. बाजाराच्या दिवशी ती माझी, बाकीचे दिवस तुझी. गावाला हे जमणारं वाटलं नाही. एका म्यानात दोन तलवारी, असं लोक म्हणाले. पण गाडीवरून आपलं कधी वाजलं नाही. वाजलं ते चक्रीवरून.

इंजिनाजवळची चक्री लहान, मागच्या चाकाची मोठी, दोन्हींमधे चैन. मागच्या चक्रीला दात जास्त असले की गाडीला ओढ येते, जागेवरून झटक्यात उठते, पण तिची धाव लवकर संपते. दात कमी केले की उठताना आळस करते, मात्र एकदा सुटली की सुटली. दोन्ही सुखं एका चक्रीत मिळत नाहीत, हे मला तूच शिकवलंस. गाडीबरोबर आलेली चक्री एकेचाळीस दातांची होती. तू भंगारातून सेहेचाळीसची शोधून आणलीस, भोक वाढवून चाकावर बसवलीस. ती इतकी मोठी, की चैनीवरचं पत्र्याचं झाकण तिच्यावर बसेना. ते काढून टाकलं, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पायजम्याचा उजवा पाय तरी काळा झाला नाहीतर चैनीने खाल्ला. माझी आई तुला शिव्या द्यायची आणि तू तिच्यापुढे मान खाली घालून हसायचास. लोकांनी शांतपणा म्हटला तो बहुधा हाच.

गंमत अशी, की सेहेचाळीस खरं तर माझ्या सोयीची होती. मागे वांग्यांचे दोन डालगे बांधून रिसोडच्या वाटेवरचा चढ ती हसत चढायची. आणि तुला गावोगाव दूर जायचं असायचं, तुला एकेचाळीस बरी, इंजिन बोंबलत नाही, पेट्रोल कमी लागतं. पण पटाची गोष्ट निघाली की तू सेहेचाळीसवर आणि मी एकेचाळीसवर. आपापल्या पोटाच्या विरुद्ध बाजूने भांडणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

पटाची गोष्ट अशी निघाली. आपल्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरतो. सरळ पट्टीवर बैलांच्या जोड्या सोडतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळ खल्लास. त्या वर्षी पटाच्या पंचांनी ठरवलं, की बैलांचं झाल्यावर त्याच पट्टीवर फटफट्याही सोडायच्या, दोन दोन. तू ती बातमी घेऊन माझ्या मळ्यात आलास तेव्हा मी वाफ्यात पाणी धरलं होतं. तू चपला काढून थेट पाण्यात येऊन उभा राहिलास.

"गज्या, सेचाळीसच लावू."

"काहून? एक्केचाळीस काय वाईट हाय?"

"पट किती लांबीचा असते, सांग मले. सुरू झाला का संपला. जो पयले उठला तो जितला. तुया एक्केचाळीसले धावाले जागाच कोठी हाय?"

"अन् तुया सेचाळीसचा पयला गिअर? नाव घेत नाई तं संपते. तू गिअर बदलत बसशीन अन् तो निंगून जाईन."

इकडे पाणी वाफ्याबाहेर वाहून गेलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग त्या पहाटा आल्या. आता मागे वळून पाहतो तर त्या खऱ्या होत्या की मी स्वप्नात पाहिल्या, हे मला नक्की सांगता येत नाही. केनवडच्या पुढचा डांबरी रस्ता, दोन्ही अंगाला तुरीची शेतं, आणि धुकं इतकं, की रस्ता पायाखालीच सुरू होऊन पायाखालीच संपल्यासारखा वाटे. तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला चिंचेखाली. आपल्याजवळ ती सेकंदं मोजणारी घड्याळं कुठली असायला! म्हणून तू एक युक्ती काढलीस, लहानपणी विहिरीत बुड्या मारताना करायचो तीच. तिकडे तू गाडी सोडलीस की आवाज ऐकून मी श्वास कोंडायचा. तू माझ्याजवळून गेलास की सोडायचा. दम किती उरला त्यावरून कोणती चक्री जोरात, हे ठरवायचं.

आधी आवाज यायचा, मग धुक्यात एक पांढरट डाग, मग तू. पाठीमागे तेलाच्या धुराची शेपूट धुक्यात मिसळून जायची आणि कुठे धूर संपतो, कुठे धुकं सुरू होतं ते कळायचं नाही. मी श्वास कोंडून उभा. कानात माझंच रक्त वाजायचं. मला वाटायचं, हा येतच राहावा, जवळ येत राहावा पण पोचू नये. एकेचाळीसवर माझा दम अगदी काठावर यायचा. सेहेचाळीसवर थोडा शिल्लक उरायचा. तू गाडी वळवून आलास की पहिला प्रश्न, "उरला?" मी खोटं बोलत नसे. "उरला. पन रोज दम कोंडून कोंडून माया दमच वाढला असंन." तू रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसलास. वसंता, तो मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो.

त्या पहाटांपैकीच एका पहाटे तू मला खरं कारण सांगितलंस. आपण चैनीच्या कड्या जुळवत बसलो होतो. मी सहज म्हणालो, हरलो तर हरलो, त्यात काय एवढं. तू हात थांबवलेस.

पटात जिंकणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारतात, बापाच्या नावासकट, गावासकट. गाडी कुणी का हाकेना, नाव मालकाचं. आणि त्या पट्टीशी तुझ्या बापाचं, संपतकाकांचं नातं वेगळंच होतं. बैलांचे खूर दुखू नयेत, घसरू नयेत म्हणून पटाच्या आदल्या दिवशी ती पट्टी भिजवावी लागते. पाणी कमी झालं तर माती टणक राहते, जास्त झालं तर चिखल होतो. हे काम कायम संपतकाकांचं. धम्म घेतल्यावर त्यांनी गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली, कुणाला भ्यायले नाहीत. एवढं एकच ठेवलं. बैलाने काय कुणाचं वाईट केलं, म्हणायचे. ते गेल्यावर ते काम तू घेतलंस. त्यांनी भिजवलेल्या पट्टीवर किती जणांच्या बापांची नावं पुकारली गेली, पण त्यांच्या स्वतःच्या दारात बैलजोडी कधी नव्हती.

"एक डाव बुढ्याचं नाव त्या भोंग्यावर आलं पायजे," तू म्हणालास. "माय तिथं बसली असंन. तिनं आयकलं पायजे."

एवढंच. मग तू कडी ठोकायला लागलास. त्यानंतर हा विषय तू काढला नाहीस, आणि मीही नाही. पण त्या दिवसापासून मला हरण्याची भीती वाटायला लागली.

चक्री अर्थातच सेहेचाळीसची लागली. हाकणारा तू होतास, आणि माझा दम तुझ्या बाजूने साक्ष देत होता.

पटाच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना तू पट्टी भिजवायला गेलास, मीही आलो. तुला पाणी शिंपडताना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. एका हातात डबा, दुसऱ्या हाताची बोटं फाकवलेली, आणि चाल अशी, की जणू पेरणी चालली आहे. मधे मधे थांबून अनवाणी टाच मातीत दाबून पाहायचास. कुठे एक शिंतोडा जास्त, कुठे तेवढं सोडून पुढे. मी विचारलं, दुसऱ्याच्या बैलांसाठी एवढं कशाला मरतोस? तू म्हणालास, "बैलाले काय म्हाईत तो कोनाचा हाय." पट्टी ओली झाली तेव्हा तिच्यावर मावळतीचा रंग उतरला होता. तू कमरेवर हात ठेवून पाहत राहिलास. आपण दोघं तिथे उभे होतो, वसंता. त्या मातीत दुसऱ्या दिवशी आपलंच चाक उतरणार आहे, हे तुझ्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. सगळे श्वास आपण डांबरावर मोजले होते.

दुसऱ्या दिवशी बैल असे पळाले की म्हातारे उठून उभे राहिले. मग आपली पाळी आली. शेजारी रिसोडच्या दुकानदाराची गाडी. तिला उठाव फारसा नाही, हे आवाजावरूनच कळत होतं. मला वाटलं, झालं, जिंकलो. निशाण पडलं. त्याची गाडी आळसावल्यासारखी हलली आणि चालू लागली. तुझी जागच्या जागी गरजली. सेहेचाळीस दातांची सगळी ओढ त्या मऊ मातीत गेली आणि मागचं चाक खाली, खाली उतरत गेलं. माती उंच उडत होती. तू पुढे झुकला होतास, पाय टेकवून ढकलत होतास. चाक वर निघून धावायला लागलं तोवर तिकडे दुसऱ्याच्या बापाचं नाव भोंग्यावर सुरू झालं होतं.

मी धावत तुझ्याजवळ आलो. तू गाडीवरून उतरलास, मागच्या चाकाने खणलेल्या खळग्याकडे पाहिलंस, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळलीस.

"पानी मस्त बसलं होतं बे, गज्या," तू म्हणालास. "बैल कसे पयाले, पायलं ना?"

तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. दुःख होतं, पण त्याच्या वरच्या थराला समाधान होतं. मला तुझा भयंकर राग आला. आणि त्याच क्षणी, असा माणूस आपला भागीदार आहे म्हणून ऊरही भरून आला. तोंडातून मात्र भलतंच निघालं. म्हणालो, "एक्केचाळीस असती तं चाक फिरलं नसतं."

झालं. पुढचं सगळं वर्ष आपण त्यावर काढलं. तू म्हणायचास, चूक चक्रीची नाही, टायर गुळगुळीत होता. मी म्हणायचो, ओढच जास्त होती. तू म्हणायचास, क्लच हळू सोडला असता तर निघाली असती. मी म्हणायचो, क्लच हळूच सोडायचा तर सेहेचाळीस पाहिजे कशाला? तू दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचास. त्या वर्षी माझं इंजिन बसलं तेव्हा भर उन्हात विहिरीत उतरून तू ते चालू केलंस, आणि वर येताना अर्ध्या पायऱ्यांवर थांबून म्हणालास, "मले वाटते हवा कमी करून पाह्य टायरात." पाणी पाटात आलं. माझी मेथी जगली. मी आभार मानायचे सोडून हवेबद्दल भांडत बसलो. आपल्यात आभार असेच मानले जायचे, असं मी स्वतःला समजावतो. पण एकदा तोंडाने म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? आता म्हणतो. माझा मळा तुझ्यामुळे उभा आहे, वसंता.

मग पावसाळ्याच्या शेवटी तुझे डोळे पिवळे झाले. झाडपाला झाला, रिसोडचा डॉक्टर झाला. खाट अंगणात असायची. मी रोज मळ्यातून येताना थांबायचो. तू बारीक होत चालला होतास आणि आवाजही बारीक होत होता. त्या आवाजात तू मला हवेचा दाब सांगायचास. शेवटचं तू माझ्याशी जे बोललास ते हेच, "या पटाले बी सेचाळीसच." मी म्हणालो, "पाहू." हो म्हणायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. हो म्हणालो असतो तर तुला वाटलं असतं, गज्याने भांडण सोडलं, म्हणजे आपलं काही खरं नाही.

अलीकडे दुपारी मळ्यात डोळा लागला की तो रस्ता दिसतो. धुकं, तुरीची शेतं, लांबून आवाज. मी श्वास कोंडून चिंचेखाली उभा. आवाज येतो, येत राहतो. मी दम कोंडलेलाच असतो. मग जाग येते आणि मला काही वेळ श्वास घ्यायची आठवणच राहत नाही.

पट आता तोंडावर आला आहे. गाडी मीच हाकणार. पंचांना विचारून आलो. ते म्हणाले, हाकणारा कोणी असो, नाव मालकाचं. मी म्हणालो, मालक वसंता संपत, मुक्काम केनवड. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भागीदारीचं त्यांना ठाऊक होतं. मी शब्द बदलला नाही. मग त्यातला एक म्हातारा म्हणाला, "बरं. पन पट्टी कोन भिजवते औंदा?" मी म्हणालो, मीच.

म्हणून मळ्याच्या कडेला माती पसरून मी एक लांब पट्टा तयार केला आणि तुझ्यासारखा डबा घेऊन भिजवायला शिकलो. तुझी माय येऊन टाच दाबून पाहायची आणि सांगायची, इथं कमी, तिथं जास्त. मला माहीत नव्हतं, की तिलाही येतं. त्या पट्ट्यावर मी तुझी सेहेचाळीस चालवून पाहिली. तुझे सगळे उपाय केले. हवा कमी केली, खडबडीत टायर घातला, क्लच हळू सोडला. प्रत्येक वेळी चाक उतरलं. एकेचाळीस लावली की गाडी कुरकुरत निघते, पण निघते.

एक वाट होती, वसंता, आणि ती मला सुचली नाही असं नाही. पट्टी मीच भिजवणार आहे. पाणी थोडं कमी घातलं तर कुणाला कळणार? माती घट्ट राहील, तुझी सेहेचाळीस सुसाट निघेल, तुझं म्हणणंही खरं होईल आणि तुझ्या बापाचं नावही पुकारलं जाईल. फक्त बैल घसरतील. मी त्या विचारापाशी एक सबंध सकाळ बसलो. नंतर तिकडे गेलो नाही.

मेलेल्या माणसाचं सगळं खरं मानायची पद्धत आहे. मी ते करणार नाही. तू गेलास म्हणून सेहेचाळीस बरोबर ठरत नाही. तुझं नाव पाहिजे असेल तर तुझी चक्री काढावी लागते, दुसरा रस्ता नाही.

काल सकाळी गाडी आडवी करून चाक सोडवायला बसलो. पहिला बोल्ट निघाला, दुसऱ्यावर हात चालेना. तुझी माय बाजूला तूर निवडत होती. सूप खाली ठेवून ती जवळ आली.

"काहून रे गजानन, त्याची चक्री काढून राह्यला काय?"

मी खाली मान घालूनच सांगितलं. पाण्याचं, मातीचं, भोंग्याचं, सगळं. तिला ते कितपत समजलं मला कळलं नाही. ती गाडीशी बसली, काळ्या झालेल्या चक्रीवरून हात फिरवला, आणि मला बोल्ट सोडवता यावा म्हणून चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काढ," ती म्हणाली. "अन् तो रागावला तं त्याले सांगजो, तुया मायनं काढाले लावली म्हनून."

म्हणून सांगतो आहे.